दोन दप्तरे, एक मूल

"डॉक्टर, हा दिवसभर पुस्तक धरून बसतो, पण डोक्यात काही राहत नाही. एखादे बुद्धीचे टॉनिक लिहून द्या," ही मागणी आता प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. तपासावे तर ताप नाही, खोकला नाही, पोट मऊ आहे. शाळेची वेळ झाली की मात्र डोके दुखते, परीक्षेचे नाव काढले की पोटात कळ येते आणि सुटीच्या दिवशी सगळे काही ठीक असते. अशी मुले सर्व समाजांत आहेत. परंतु मुस्लिम संस्थांच्या शाळांत आणि उर्दू शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत या तक्रारीला एक वेगळे कारण आहे. त्याविषयी शाळाही बोलत नाही आणि घरही बोलत नाही. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मुस्लिम मुले म्हणजे मदरशात शिकणारी मुले, असे पुष्कळांना वाटते. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानुसार शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम चार टक्के मुले मदरशात शिकतात. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा खासगी संस्थांच्या शाळांत जातात, आणि त्यांतील पुष्कळ मुले शाळेखेरीज रोज मशिदीशेजारच्या मकतबातही जातात. म्हणजे मूल एक, पण दप्तरे दोन.

दिवसाचा हिशेब

बारा वर्षांच्या, सातवीतल्या मुलाचा दिवस कागदावर मांडून पाहू. पहाटे साडेपाचला उठणे. सहा ते साडेसात मकतब. साडेदहा ते पाच शाळा. साडेपाच ते साडेसात शिकवणी. इशाची नमाज, जेवण आणि त्यानंतर दीड तास गृहपाठ. झोपायला अकरा वाजतात. बेरीज केली तर मधली सुटी धरून मूल साडेअकरा तास शिक्षणात अडकलेले असते. गिरणी कामगाराची पाळीसुद्धा आठ तासांची असे!

झोप मिळते साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपल्या सातवीतल्या मुलाला रोज किमान अडीच तास झोप कमी पडते. आठवड्याच्या सहा दिवसांत ही तूट पंधरा तासांची होते.

ती भरून निघण्यासाठी सुटीचा दिवस असतो. पण येथेही एक गंमत आहे. शाळेला सुटी रविवारी आणि पुष्कळ ठिकाणी मकतबाला सुटी शुक्रवारी. रविवारी मकतब असते, शुक्रवारी शाळा असते. पूर्ण मोकळा असा एकही दिवस मुलाच्या वाट्याला येत नाही.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे सांगितले. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, हाच त्यामागचा हेतू होता. शाळा नऊला गेली, पण मकतब सहालाच राहिले तर त्या आदेशाचा लाभ या मुलांपर्यंत कसा पोहोचणार?

भाषांचा भार वेगळाच. उर्दू शाळेतले मूल उर्दू, मराठी, इंग्रजी आणि हिंदी शिकते, मकतबात अरबी वाचते. उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली शाळेच्या ओझ्याचा विचार केला, तेव्हा दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, असे नोंदवले होते. पाच भाषांच्या गर्दीत न समजण्याचे प्रसंग किती येत असतील, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

करपणे म्हणजे काय?

पाणी न मिळालेले रोप आधी मलूल होते आणि मग करपते. मलूल झालेल्या रोपाला पाणी दिले की ते उभे राहते. करपलेल्याला नुसते पाणी पुरत नाही. इंग्रजीत ज्याला 'बर्नआऊट' म्हणतात, ते हे करपणे. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली दवाखान्यात सेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संदर्भात हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन लक्षणे निश्चित केली. विश्रांतीनेही न जाणारा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा तिटकारा, आणि 'माझ्याने हे होणार नाही' ही भावना.

मुलांत ही लक्षणे अशी दिसतात: सकाळी उठतानाच थकलेले असणे, पूर्वी आवडणाऱ्या विषयाचे पुस्तकही न उघडणे, पाठ झालेले विसरणे, चिडचिड, वारंवार डोकेदुखी, मित्रांना टाळणे, 'शिकून काय होणार आहे' असे म्हणणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआऊटची नोंद आहे, पण नोकरी-व्यवसायातील स्थिती म्हणून; रोग म्हणून नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या कागदावर डॉक्टर हे निदान म्हणून लिहू शकत नाही, आणि त्यावर गोळीही नाही. टॉनिकच्या बाटलीने हा थकवा जाणार नाही. त्याचा उपाय वेळापत्रकात आहे, आणि वेळापत्रक मोठ्या माणसांच्या हातात आहे.

मात्र प्रत्येक थकवा मनाचाच समजू नये. आधी मुलाचे हिमोग्लोबिन, डोळे आणि कान तपासून घ्यावेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीच्या अंगात रक्तच नाही, तिला उपदेश करून काय उपयोग?

पाटी आहे, समुपदेशक नाही

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. विद्यार्थ्यांना सर्वांसमोर अपमानित करू नये. शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, निवासी संस्था आणि वसतिगृहे अशी सर्वांची नावे त्यात आहेत.

आदेश चांगला आहे. परंतु आदेश निघाला की पाटी लागते, हा आपला अनुभव. 'समुपदेशन कक्ष' असे लिहिलेल्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिका आणि क्रीडासाहित्य असते, आणि समुपदेशक म्हणून नाव असते ते शिस्तीच्या शिक्षकांचे. ज्या सरांनी सकाळी उशीर झाला म्हणून उठाबशा काढायला लावल्या, त्याच सरांजवळ दुपारी मूल मन मोकळे करील, अशी आपण अपेक्षा करतो.

बहुसंख्य मुस्लिम असलेल्या इंडोनेशियाचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. तेथे मदरशांसह सर्व शाळांत समुपदेशक शिक्षकाची जुनी पद्धत आहे आणि सुमारे दीडशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असा नियम २०१४ साली झाला. तरीही मुले या शिक्षकाला 'शाळेचा पोलीस' म्हणतात, अशी तक्रार तेथील शिक्षणतज्ज्ञ करत आले आहेत. पुढे २०१७ साली तेथील शिक्षणखात्याने आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास शाळा असा नियम काढला. दुपारनंतरचे धार्मिक वर्ग त्यामुळे बंद पडतील म्हणून 'नहदतुल उलमा' या मोठ्या संघटनेने विरोध केला. अखेर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी नवा आदेश काढून पाच दिवस की सहा, ही निवड शाळांवर सोडली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नुसती नेमणूक पुरत नाही. आणि शाळा व धर्मशिक्षण यांच्या वेळांचा मेळ घालणे हा खरा प्रश्न असून तो एकत्र बसूनच सोडवावा लागतो.

शाळेने काय करावे?

पहिले काम वेळापत्रकाचे. जून महिन्यात प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलांकडून त्यांचा चोवीस तासांचा दिवस एका कागदावर लिहून घ्यावा. मकतब, शाळा, शिकवणी, घरकाम, झोप, खेळ, सर्व काही. मुलींच्या कागदावर धुणीभांडी आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे येईल. काही मुलांच्या कागदावर यंत्रमाग किंवा गॅरेज येईल. ज्या मुलाची झोप आठ तासांपेक्षा कमी आहे, त्याच्या नावापुढे खूण करावी. मग मुख्याध्यापक, मकतबाचे मौलाना आणि पालक या तिघांनी एका सतरंजीवर बसून तो कागद पाहावा. तिघेही मुलाचे भलेच चिंततात, पण आपण सोडून बाकीचे दोघे मुलाकडून काय मागतात, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. मकतब अर्धा तास उशिरा सुरू करणे, परीक्षेच्या महिन्यात नवा सबक थांबवून केवळ उजळणी घेणे, आठवड्यातून एक दिवस दोन्हीकडे सुटी ठेवणे, गृहपाठाची मर्यादा ठरवणे, हे चौघा जणांच्या चर्चेत सहज होण्यासारखे आहे. त्याला पैसा लागत नाही.

दुसरे काम माणसाचे. एका लहान शाळेला पूर्णवेळ समुपदेशक परवडत नसेल तर गावातील तीन-चार संस्थांनी मिळून एक नेमावा आणि प्रत्येक शाळेला त्याचे ठराविक वार द्यावेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले तरुण-तरुणी आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. त्यांना मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे. मुलाच्या घरची बोली त्यांना समजली पाहिजे. दखनीत रडणाऱ्या मुलाला पुस्तकी भाषेत धीर देता येत नाही. मोठ्या वर्गातल्या मुलींसाठी स्त्री समुपदेशक असावी. आणि शिस्तीचा अधिकार, गुण देण्याचा अधिकार व समुपदेशन ही कामे एकाच व्यक्तीकडे नसावीत.

तिसरे, खोली आणि गुप्तता. शिक्षकखोलीतून जावे लागेल अशी खोली नको. तासिकेच्या मध्येच शिपायामार्फत नाव पुकारून बोलावणे नको. त्याने संध्याकाळपर्यंत मूल 'पागल' ठरते. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक असावा. मुलाने सांगितलेले शिक्षकांच्या चहापानात निघता कामा नये. अपवाद एकच. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर योग्य ठिकाणी सांगावेच लागते, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत समजावून द्यावे.

चौथे, वर्षाचे नियोजन. दहावीनंतर उर्दू माध्यमातून विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलाला एकदम इंग्रजीला सामोरे जावे लागते, म्हणून शाखा निवडीचे मार्गदर्शन नववीतच सुरू व्हावे. रमजानचा महिना दर वर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्च महिन्यात, दहावीच्या परीक्षेतच आला. २०२६ आणि २०२७ मध्येही त्याची सुरुवात फेब्रुवारीतच होते. तरावीह रात्री उशिरापर्यंत, सहरी पहाटे आणि अकरा वाजता गणिताचा पेपर! रोजा ठेवावा की नाही, हा घराचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. लहान मुलांवर तो बंधनकारक नाही आणि आजाऱ्याला सूट आहे, हे मौलाना अधिक चांगले सांगतील. डॉक्टरने सांगायचे ते इतकेच: दुपारी तासभर झोप घ्यावी, इफ्तार ते सहरी या वेळेत पुरेसे पाणी प्यावे, तळलेले कमी खावे आणि जागरणाचा अभ्यास टाळावा. उर्दू शाळांच्या वेळा रमजानात बदलतातच. मकतब आणि शिकवणीच्या वेळाही त्याबरोबर बदलाव्यात.

पाचवे, पुढे पाठवण्याची वाट. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खाणे-झोपणे बिघडले असेल, तर ते केवळ थकलेले आहे असे समजू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाशी शाळेचा आधीच परिचय हवा. 'टेली-मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. संकटातील मुलांसाठी १०९८. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या, मदरशाच्या आणि वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर 'नाटक करतो' असे म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हाफिज होणारी मुले

पूर्णवेळ मदरशातील, विशेषतः हिफ्ज करणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. तीस पारे मुखोद्गत करायचे म्हणजे रोज नवा सबक, अलीकडच्या भागाची उजळणी आणि जुन्या पाठाचा आमोख्ता, असे तिहेरी काम. मूल घरापासून दूर, वय दहा-बारा. ही स्मरणशक्तीची मोठी साधना आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. पण पाठांतर पक्के होते ते झोपेत. झोप तोडून पाठांतर वाढवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. अशा मदरशांत उस्तादांपैकीच एक-दोघांना मुलांचे ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे. रोज तासभर मैदानी खेळ असावा. आठवड्यातून एकदा घरी फोनवर बोलू द्यावे, तेही कोणी शेजारी उभे न राहता. आणि ज्या मुलाला हिफ्ज झेपत नाही, त्याला अपमान न होता साध्या शिक्षणाकडे वळता आले पाहिजे. आज त्याच्यापुढे पळून जाणे हाच मार्ग उरतो.

दोन आक्षेप

'आम्ही नाही का असेच शिकलो?' हा पहिला आक्षेप. शिकलात, हे खरे. पण तुमच्या दिवसात दोन तासांची शिकवणी नव्हती, हातात मोबाईल नव्हता आणि संध्याकाळी खेळायला मैदान होते. जे शिकले ते आज बोलत आहेत. ज्यांनी कंटाळून सातवी-आठवीत शाळा सोडली, त्यांचे मत कोणी विचारले नाही. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २०२२ च्या पाहणीत सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. हा प्रश्न एका समाजाचा नाही. पहाटे स्पर्धापरीक्षेच्या वर्गाला आणि संध्याकाळी तबल्याला धावणाऱ्या मुलांच्या घरीही हा दिवसाचा कागद भरून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. 'इमान पक्के असेल तर मन थकत नाही, समुपदेशक कशाला?' याचे उत्तर डॉक्टरने देण्याऐवजी इस्लामच्या परंपरेतूनच घ्यावे. अबू झैद अल-बल्खी हे दहाव्या शतकाच्या सुमाराचे विद्वान. शरीराप्रमाणे मनालाही आजार होतात आणि त्यांचेही उपचार करावे लागतात, असे मानून त्यांनी दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी मकतबातून आलेल्या मुलाला चांगले खेळू द्यावे असे सांगितले. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपल्यास मुलाचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते, असे त्यांचे मत होते. चौदाव्या शतकातील इब्न खल्दून यांनीही विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागण्याचे दुष्परिणाम दाखवून दिले. करपण्याचे वर्णन आपल्याला पाश्चात्त्यांकडून शिकावे लागले असेल. त्यावरचा उपाय मात्र घरातल्याच कपाटात होता.

मौलानांचे सहकार्य म्हणूनच सर्वांत मोलाचे आहे. पालक डॉक्टरचे ऐकतील न ऐकतील; मशिदीत शुक्रवारच्या बयानात मौलानांनी मुलांची झोप, खेळ आणि मनाचे आरोग्य यांवर दहा मिनिटे सांगितले तर घरोघरी त्याचा परिणाम होईल. मूल मन मोकळे करायला आले तर आधी ऐकून घ्यावे, लगेच दोष देऊ नये, 'हा आळस आहे' किंवा 'हे सैतानाचे वसवसे आहेत' असे म्हणून परत पाठवू नये, एवढे पथ्य त्यांनी पाळले तरी निम्मे काम होते.

यात पणाला काय लागले आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. मूल करपले की दप्तर आपोआप सुटते. आधी गैरहजेरी, मग नापास, मग 'त्याला शिक्षणात गोडी नाही' असा शेरा, आणि मग शाळा सोडल्याचा दाखला. मुलगा कामाला लागतो, मुलगी घरी बसते. दोन्ही दप्तरे एकदमच खाली पडतात. शाळेचे गेल्यावर मकतबाचेही फार दिवस टिकत नाही. ज्या धर्मशिक्षणासाठी आणि ज्या शालेय शिक्षणासाठी आपण मुलाला पहाटे उठवले, त्या दोन्हींचे नुकसान होते.

तेव्हा संस्थाचालकांना विनंती एवढीच. पुढच्या महिन्यातील एक दिवस ठरवा, मौलानांना आणि पालकांना शाळेत बोलवा, चहा सांगा आणि मुलांच्या दिवसाचे ते कागद मध्ये ठेवा. समुपदेशकाची नेमणूक, खोली, नोंदवही हे सर्व त्यामागून येईल. पहिल्या बैठकीत मुलाच्या झोपेचा एक तास परत मिळवून देता आला, तरी ती बैठक सार्थकी लागली असे समजावे.